मापातली आगगाडी

"आजोबा, आगगाडी म्हणता, मग हिच्यात आग कुठंय?"

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभ्या केलेल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात नातवाने विचारलं. समोर चिमुकल्या रुळांवरून वाफेच्या इंजिनाची गाडी वळण घेत होती. चाकांना जोडणारे दांडे खऱ्यासारखे मागेपुढे होत होते, पण गाडी चालत होती विजेवर. आमच्या गावी, वारूळवाडीला, परतेपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

आमच्या जुन्नर तालुक्यात रेल्वे नाही. पुणे-नाशिक रेल्वेची नुसती चर्चा ऐकत आम्ही म्हातारे झालो. गाडी आली नाही, तिचा शब्द मात्र घरोघर पोचला. माझी आजी 'आगीनगाडी' म्हणायची आणि शाळेत गुरुजी 'आगगाडी' शिकवायचे. दोन्ही एकाच 'अग्नी'ची लेकरं. अग्नीचं प्राकृतात 'अग्गि' झालं आणि झिजत झिजत 'आग' उरली. आजीच्या तोंडात मात्र संस्कृत शब्दच पुन्हा आला आणि त्यातलं जोडाक्षर तिने फोडून घेतलं. लग्नाचं लगीन, रत्नाचं रतन, तसं अग्नीचं आगीन. मला आजीचा शब्द जास्त जवळचा वाटतो. त्यात धग आहे. हिंदीने या गाडीला रुळावरून नाव दिलं, रेलगाडी. मराठी माणसाची नजर रुळावर थांबली नाही, ती थेट भट्टीत गेली. तशी सवय आधीच लागली असावी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, त्याच्या तेवीस वर्षं आधी, १८३० मध्ये, 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली होती.

'वाफ' शब्दही असाच झिजलेला. बाष्प, बप्फ, वाफ. संस्कृतात बाष्प म्हणजे अश्रूसुद्धा. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलल्यावर त्याच्या आतून जे थेंब ओघळतात, ते पाहिले की हे दोन अर्थ एका शब्दात का राहिले ते कळतं.

इंजिन मात्र वारूळवाडीत रुळावर कधीच नव्हतं. आमचं इंजिन विहिरीवर. हँडल मारून चालू करायचं, काळा धूर ओकणारं, पाटाला पाणी देणारं डिझेलचं धूड. 'इंजिन बसवलं' म्हणजे बागायत झाली, एवढा त्या शब्दाचा मान. त्याचं मूळ लॅटिन 'इंजेनियम', म्हणजे उपजत बुद्धी. त्यातला 'जेन' आणि आपला जन्मातला 'जन्' हे सख्खे. इंग्रजीतही या शब्दाचा अर्थ आधी चातुर्य, कल्पकता असा होता. यंत्र हा अर्थ नंतर आला.

आता त्या छोट्या गाडीला काय म्हणायचं? 'खेळणं' म्हटलं तर करणाऱ्याच्या मेहनतीचा अपमान होतो. 'प्रतिकृती' चालेल, पण त्यात नक्कल आहे, माप नाही. आणि इथे सगळा जीव मापात आहे. १६७६ मिलिमीटरचा आपला ब्रॉडगेज सत्याऐंशी पटींनी लहान केला की जेमतेम सव्वाएकोणीस मिलिमीटर उरतो. 'मॉडेल' शब्दाच्या पोटात लॅटिन 'मोदुलुस' आहे, म्हणजे छोटं माप. आपल्याकडे 'मा' हा मोजण्याचा धातू. त्यातूनच माप, प्रमाण आणि देव्हाऱ्यातली प्रतिमाही. प्रतिमा म्हणजे मुळात समोर ठेवून, मोजून केलेलं. आमच्याकडचे सुतार 'मापात बसलं' म्हणतात, त्यावरून मी 'मापातली गाडी' म्हणेन.

पण आग आणि वाफ मापात बसत नाहीत, आणि हे उमगलं तेही एका मॉडेलवरूनच. १७६३-६४ च्या हिवाळ्यात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठाने न्यूकोमेनने घडवलेल्या वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल जेम्स वॅटकडे दुरुस्तीला दिलं. वॅटने ते नीट केलं, तरी चार झटके देऊन ते थांबे. वस्तू सगळ्या बाजूंनी निम्मी केली की तिचा पृष्ठभाग एक चतुर्थांश होतो, पण आतली जागा एक अष्टमांशच राहते. म्हणजे लहान सिलिंडरात थोड्याशा वाफेच्या वाट्याला फार मोठी भिंत येते. त्यात न्यूकोमेनची रीत अशी, की दर खेपेला सिलिंडरातच गार पाणी सोडून वाफ निववायची. तापलेली भिंत गार, पुन्हा तापवायची, पुन्हा गार. मोठ्या इंजिनात ही नासाडी खपून जायची, छोट्याने ती उघडी पाडली. १७६५ मध्ये वॅटला सुचलं, की वाफ निववायला वेगळं भांडंच ठेवावं. १७६९ मध्ये त्याने पेटंट घेतलं.

पुढे त्याच ग्लासगोत रेल्वे इंजिनांचे प्रचंड कारखाने उभे राहिले. १९०३ मध्ये तीन कारखाने मिळून नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली आणि तिथली शेकडो इंजिनं हिंदुस्थानात आली. तिच्या क्वीन्स पार्क कारखान्याची पाटी शंकरपाळीच्या आकाराची. मॉडेल करणारा ही पाटीसुद्धा सोडत नाही. सत्याऐंशी पटींनी लहान केल्यावर ती तांदळाच्या दाण्याएवढी होते, अक्षरं भिंगातून शोधावी लागतात, तरी तो ती कोरतोच. हा हट्ट मला फार मोलाचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी नातवाला विहिरीवर नेलं. डिझेल इंजिन केव्हाच गेलं, आता विजेची मोटार आहे. तिच्या पाटीवर बोट ठेवून तो वाचू लागला: ५ एचपी, ३.७ किलोवॅट.

"वॅट म्हणजे?"

थारोळ्याच्या कडेला बसलो, आणि त्याला ग्लासगोतल्या त्या चार झटके देऊन थांबणाऱ्या इंजिनाची गोष्ट सांगायला घेतली.