अंमलदारांचे रूपांतर

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठवाड्यातील नळदुर्ग हे जिल्ह्याचेच नाव होते, आणि 1853 मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केल्यापासून 1860 मध्ये तो परत मिळेपर्यंत एकाच पिढीतील रयतेला दोन सरकारांचे अंमलदार, म्हणजे वसुली व बंदोबस्त पाहणारे अधिकारी, पाहावे लागले. अशा मुलखातील प्रेक्षकाला पु. ल. देशपांडे यांचे ‘अंमलदार’ (1952) हे नाटक परके वाटण्याचे कारण नाही. ते गोगोलच्या 1836 मध्ये रंगभूमीवर आलेल्या रशियन प्रहसनाचे रूपांतर, म्हणजे भाषेबरोबर माणसे, हुद्दे आणि रीतीही बदलणारी पुनर्रचना आहे. गोगोलच्या गावात पोस्टमास्तर लोकांची पत्रे फोडून वाचतो आणि भुरट्या पाहुण्याला वरिष्ठ तपासनीस समजून सारे अधिकारी त्याच्या हातावर नोटा ठेवतात, आणि असली माणसे कोणत्या कचेरीत नसतात? पण माणसे ओळखीची असली तरी नुसती भाषांतरित करून भागत नाही: कचेरीवरचीच ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिका ‘द ऑफिस’ 2005 मध्ये अमेरिकेत गेली तेव्हा पहिला भाग मूळ संहितेबरहुकूम बेतल्यामुळे फिका उतरला. पुढे साहेब बावळट पण प्रेमळ झाला, स्क्रँटन या अमेरिकन शहरातली कागदविक्रीची कचेरी अस्सल वाटू लागली, आणि मूळ मालिका दोनच पर्वांत आटोपली असताना ही अमेरिकन मालिका 201 भाग चालली.