मालाची पेटी आणि माणसाचें घर

माणसानें टाकाऊ वस्तूंत बिऱ्हाड थाटल्याचीं उदाहरणें इतिहासांत थोडींथोडकीं नाहींत. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शोरहॅम येथें विसाव्या शतकाच्या आरंभीं आगगाडीचे जुने डबे वाळूंत मांडून एक अख्खी वसाहत उभी राहिली होती. १९४० सालीं शत्रू किनाऱ्यावर उतरेल या भीतीनें तिचा बहुतेक भाग पाडण्यांत आला. डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधील पेगॉटीचें होडींतलें घर तर पुष्कळ वाचकांच्या परिचयाचें असेल. पण होडी काय किंवा आगगाडीचा डबा काय, तीं माणसांच्याच वावरासाठीं घडलेलीं होतीं. ज्या वस्तूची हकीकत येथें सांगावयाची आहे ती वस्तू, म्हणजे जहाजावरून माल नेणारी पोलादी पेटी, जिला सर्वत्र कंटेनर म्हणतात, ती मात्र मालाला माणसाचा हात लागूं नये या एकाच हेतूनें जन्मास आली. अशा पेटींत माणूस राहावयास कसा गेला, आणि स्वखुशीनें गेला कीं त्याला तेथें नेऊन बसविलें, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

१९५६ सालच्या एप्रिलच्या २६ तारखेस ‘आयडियल एक्स’ नांवाचें एक जुनें तेलवाहू जहाज अमेरिकेंतील न्यूअर्क बंदरांतून ह्यूस्टनकडे निघालें. त्याच्या डेकवर ५८ पेट्या बसविल्या होत्या. ही योजना माल्कम मॅक्लीन या ट्रकवाहतूकदाराची. त्या काळीं जहाज भरणें म्हणजे पोतीं, पिंपें, खोकीं, गासड्या एकेक करून उचलणें. जहाजाचा बराच काळ समुद्राऐवजीं धक्क्याला बांधलेल्या स्थितींतच जाई. मुंबईच्या गोद्यांतही हाच क्रम होता. मॅक्लीननें हें उचलण्याचें कामच काढून टाकलें. कारखान्यांत पेटी भरून कुलूप लागलें कीं तें थेट गिऱ्हाइकाच्या दारीं उघडावयाचें. मधल्या वाटेवर ट्रक, आगगाडी, जहाज बदलत जातील, पेटी बदलणार नाहीं. या एका युक्तीनें जगांतील बंदरांचा नकाशा फिरला. १९८९ सालीं मुंबईसमोर न्हावाशेवा येथें नवें बंदर सुरू झालें आणि पेट्यांचा धंदा हळूहळू खाडीपलीकडे गेला, हें आपण पाहिलेंच आहे.

सर्व वाहनांवर तीच पेटी बसावयाची तर तिचें माप जगभर एकच हवें. कीथ टँटलिंगर या अभियंत्यानें पेटीच्या कोपऱ्यांसाठीं पोलादी ठोकळे आणि त्यांत पिळून बसणारा खटका तयार केला. मॅक्लीननें त्यावरील पेटंटचे हक्क सर्वांना मोकळे केले. आणि १९६० नंतरच्या दशकांत आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेच्या बैठकांतून बरीच घासाघीस होऊन मापें ठरलीं. लांबी वीस किंवा चाळीस फूट. रुंदी आठ फूट, कारण रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकला तेवढीच सोसते. उंची पुढें साडेआठ फूट रूढ झाली. घरांचा इतिहास लिहिणाऱ्यानें या बैठकांकडे दुर्लक्ष करूं नये. तेथें जहाजवाले होते, रेल्वेवाले होते, ट्रकवाले होते. खाट कोठें टाकावी असें विचारणारें कोणी नव्हतें, आणि असण्याचें कारणही नव्हतें. आठ फुटांच्या पेटींत आंतून सुमारे २.३५ मीटर रुंदी उरते. भिंतींना उष्णता अडविणारें अस्तर लावलें म्हणजे तीही वीतभर घटते. मग खाट आडवी टाकावी तर येण्याजाण्याची वाट बंद होते, आणि उभी टाकावी तर खोलीचा बोळ होतो. पेटींतील घराच्या सर्व कल्पकतेची झुंज अखेर या एका आंकड्याशीं आहे.

परंतु पेट्या मुळांत फावल्या कां? त्याचें उत्तर व्यापाराच्या खातेवहींत आहे. अमेरिका आणि युरोप चीनकडून जितका माल घेतात तितका परत पाठवीत नाहींत. भरून आलेली पेटी रिकामी परत न्यावयाची तर खर्च पडतो, न न्यावी तर ती बंदरामागच्या मैदानांत दुसऱ्या पेटीवर चढून बसते. शिवाय दहा-पंधरा वर्षें खारें पाणी खाल्लेली पेटी जहाजवाले विकूनच टाकतात. वीस फुटी पेटींत दोन टनांवर पोलाद असतें. तें वितळविण्यापेक्षां तसेंच वापरावें, हा विचार सहज सुचण्यासारखा आहे. फिलिप क्लार्क नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें अशा पेट्यांपासून राहण्याजोगी इमारत करण्याच्या रीतीबद्दल १९८७ च्या नोव्हेंबरांत अर्ज केला आणि ८ ऑगस्ट १९८९ रोजीं त्याला पेटंट मिळालें. त्यापूर्वीं पेटींत कोणी राहिलेंच नसेल असें मात्र नव्हे. गरजवंत माणूस पेटंटची वाट पाहत बसत नाहीं.

पुढें शिष्टसमाजाचें लक्ष तिकडे गेलें. २००१ सालीं लंडनमध्यें थेम्सकाठच्या ट्रिनिटी बॉय व्हार्फ येथें निकोलस लेसी या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणें पेट्या रचून कलावंतांसाठीं खोल्या उभारल्या. ‘कंटेनर सिटी’ हें तिचें नांव. २००६ सालीं ॲमस्टरडॅमच्या कीटवोनन वसाहतींत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांची सोय झाली. या वसाहतीची वाहवा करणारे एक गोष्ट सोयिस्करपणें विसरतात. तेथील पेट्या जुन्या नव्हत्याच. त्या राहण्यासाठीं म्हणून चीनमध्यें मुद्दाम बनवून आणल्या होत्या. काटकसर आणि जुन्या वस्तूचा पुनरुपयोग हीं या प्रकाराचीं दोन मोठीं समर्थनें. त्यांतील दुसरें येथें गळून पडतें.

पहिलेंही फारसें टिकत नाहीं. पेटीचें सर्व बळ तिच्या चार कोपऱ्यांच्या खांबांत आणि वळ्यावळ्यांच्या भिंतींत असतें. भरलेल्या पेट्या जहाजावर एकमेकींच्या डोक्यावर उभ्या राहतात त्या या बळावर. पण घर करावयाचें तर दार हवें, खिडकी हवी, दोन पेट्या जोडून दिवाणखाना हवा; म्हणजे भिंत कापली पाहिजे, आणि कापलेल्या जागीं पोलादाची नवी चौकट घातली पाहिजे. छपराचें पोलाद उन्हांत तापतें, थंडींत आंतील दमट हवेला त्यावर पाझर फुटतो. जमिनीच्या लाकडी फळ्यांना प्रवासांत कीड लागूं नये म्हणून पुष्कळदां कीटकनाशक मुरविलेलें असतें. त्यांवर तान्हें मूल रांगणार असेल तर त्या काढून टाकणेंच बरें. या सर्वांचा हिशेब केला म्हणजे स्वस्ताई बरीचशी पेटीच्या किंमतींतच राहते, घराच्या किंमतींत उतरत नाहीं. आमच्याकडे बांधकामावरील कचेऱ्या आणि पहारेकऱ्यांच्या खोल्या म्हणून अशा पेट्या आतां सर्रास दिसतात. अलीकडे मुंबईपुण्याचे हौशी लोक डोंगरउतारावर सुटींतलें घर म्हणूनही त्या नेऊन ठेवतात. शनिवारीं येऊन सोमवारीं परतणाऱ्याला वैशाखाचें ऊन फारसें जाचत नाहीं, हें उघड आहे.

जाचतें तें ज्याला परतावयास दुसरें घर नाहीं त्याला. इंग्लंडमध्यें ब्रायटन येथें २०१३ सालीं बेघरांसाठीं ३६ पेट्यांचीं घरें मांडलीं. एकाकी माणसाला स्वतःचें कुलूप आणि स्वतःची न्हाणी मिळाली, हा लाभ लहान नव्हे. पण पुढें लंडनच्या कांहीं नगरपालिकांनीं मुलांबाळांच्या कुटुंबांनाही तात्पुरता निवारा म्हणून पेट्यांत ठेवलें. २०१९ च्या ऑगस्टांत तेथील बालकविषयक आयुक्तांनीं आपल्या अहवालांत या घरांवर कठोर टीका केली: उन्हाळ्यांत भट्टी, हिवाळ्यांत गारठा, आणि जागेची अतोनात अडचण. ‘तात्पुरता’ या शब्दांत महिने आणि कधीं वर्षेंही मावतात, हें अशा कुटुंबांना कोणी सांगावयास नको.

याच पेटीचा निराळा उपयोग जपानांत झाला. ११ मार्च २०११ च्या भूकंपानें आणि त्सुनामीनें ओनागावा हें मासेमारीचें गांव धुऊन नेलें. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्यें सपाट जागा एवढी थोडी कीं तात्पुरतीं घरें मांडावयास गांवच्या बेसबॉलच्या मैदानाचा आसरा घ्यावा लागला. एकमजली घरें तेथें पुरणार नव्हतीं. शिगेरू बान या वास्तुविशारदानें वीस फुटी पेट्या तीन मजल्यांपर्यंत रचल्या. पण सलग नव्हे, बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें एक घर भरलेलें, एक रिकामें. मुलांच्या निजण्याच्या खोल्या आणि न्हाण्या पेट्यांत. आणि स्वयंपाक, जेवण, बसणेंउठणें हें दोन पेट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेंत, जिला दोन्ही अंगांनीं कांचा लावून उजेड घेतला. २.३५ मीटरांशीं झगडत न बसतां त्यानें पेटीबाहेरची पोकळीच कुटुंबाच्या वापरास दिली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत १८९ बिऱ्हाडांची सोय होऊन वसाहत पुरी झाली. सरकारी तात्पुरत्या घरांत सामान ठेवावयास जागा नसते. म्हणून बानच्या स्वयंसेवकांनीं देणग्यांच्या पैशांतून प्रत्येक बिऱ्हाडांत भिंतींतलीं कपाटें बसवून दिलीं.