गुगुळ : धुपाटण्यातून प्रयोगशाळेत

तिन्हीसांजेला धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर गुगुळाची चिमूट टाकली की घर कसे भरून जाते, हे भगिनींना सांगावयास नको. पण हा गुगुळ म्हणजे काय, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. कच्छ, सौराष्ट्र, राजस्थान व सिंध या कोरड्या मुलखांत वाढणाऱ्या एका खुरट्या, काटेरी झाडाचा हा वाळलेला चीक होय. सालीला चिरा दिला की तो थेंबाथेंबाने पाझरतो आणि वाळून त्याचे खडे बनतात.

या खड्यात तीन पदार्थ एकत्र नांदतात : पाण्यात विरघळणारा डिंक, पाण्याला दाद न देणारी राळ, आणि उडून जाणारे थोडेसे तेल. सुगंध मुख्यतः या तेलाचा. म्हणूनच उघड्या डब्यात पडून राहिलेला गुगुळ पुढे मंद वासाचा होतो.

गुगुळाचा वास जेथे पोहोचतो तेथे यक्ष्मा टिकत नाही, अशा आशयाचे वचन अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात आहे. सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर, म्हणजे शरीरात साठणाऱ्या चरबीच्या विकारावर, गुगुळ सांगितला आहे. ही वचने शतकानुशतके पाठ होत राहिली. ती प्रयोगाला लावून पाहण्याचे काम मात्र एका स्त्रीने केले, याचा आपल्या मंडळाला विशेष आनंद वाटावा. डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात सशांना मुद्दाम चरबीयुक्त आहार देऊन सोबत गुगुळ दिला. त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरलेले आढळले. हा प्रबंध 1966 सालचा. पुढे याच विदुषी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

गुगुळातील ज्या द्रव्याकडे संशोधकांचे लक्ष वेधले, ते गुगुलस्टेरोन राळेच्या भागात असते, सुगंधी तेलात नव्हे. तेव्हा धुरी घेऊन चरबी झडेल, अशी आशा कोणी धरू नये! लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत या राळेपासून औषध तयार झाले व त्याचा गाजावाजाही झाला. परंतु 2003 साली अमेरिकेत 103 माणसांवर आठ आठवडे केलेल्या चाचणीत उलटाच प्रकार दिसला. गुगुळ घेणाऱ्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल उतरले नाही, किंचित वाढलेच. सशांवरून माणसांचा निष्कर्ष काढण्यात घाई झाली, असे मला वाटते.

पण तोवर मागणी वाढली होती, आणि तिची झळ झाडाला लागली. अधिक चीक निघावा म्हणून खोल घाव घालणे, त्यावर रासायनिक लेप लावणे, असे प्रकार चालले. अशा झाडातून चीक भरपूर येतो खरा, पण पुष्कळदा झाडच मरते. आज आंतरराष्ट्रीय यादीत हे झाड अतिशय संकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे. गुजरात व राजस्थानात फांद्यांपासून रोपे करून त्याची लागवड चालू आहे. मात्र आज लावलेल्या रोपाला पहिला चिरा देण्यास निदान आठ-दहा वर्षे थांबावे लागते.