नभोवाणीवरील प्रश्नोत्तरें : पुणें केंद्राचा एक प्रयोग

मुलाखत हा शब्द मराठीला नवा नाहीं. जुन्या दरबारी लिखाणांत त्याचा अर्थ भेट एवढाच आहे. वृत्तपत्रांच्या काळांत तो प्रश्नोत्तरांना चिकटला, आणि नभोवाणीनें तो उचलला तेव्हां एक नवीच अडचण उभी राहिली. प्रश्न विचारणारा व उत्तर देणारा समोरासमोर बसतात खरे. परंतु ज्याच्यासाठीं हा खटाटोप चालतो तो श्रोता दूर कोठें तरी, न दिसणारा आणि मधेंच बोलूं न शकणारा असतो. त्याच्या मनांतील प्रश्न ओळखून त्याच्या वतीनें विचारणें ही मुलाखतकाराची खरी कसोटी होय. हा प्रश्न श्रोत्याकडूनच मागवून घेण्याचा एक अपूर्व प्रयोग १९५६ सालीं महाराष्ट्राच्या खेड्यांत झाला.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें सुरू झालें. त्या काळीं लंडनच्या बी. बी. सी. मध्यें भाषण आधीं लिहून, तपासून मगच वाचण्याचा प्रघात होता, आणि मुलाखतसुद्धां बहुधा याच रीतीनें सिद्ध होई. उत्स्फूर्त बोलण्यांत एखादा अनुचित शब्द निसटून जाईल ही धास्ती त्यामागें होती. प्रश्नकर्त्याला उत्तर ठाऊक आणि उत्तर देणाऱ्याला पुढचा प्रश्न ठाऊक! अशा मुलाखतींत भाषा निर्दोष असे. उणीव असे ती कुतूहलाची. शहरांतील सुशिक्षित श्रोत्याला ही उणीव एक वेळ चालून जाई. खेड्यांतील श्रोत्याचें तसें नव्हतें. त्याला जें विचारावयाचें असे तें शहरांत बसून लिहिणाऱ्याला सुचणेंच कठीण होतें.

पुण्यास आकाशवाणीचें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. आज पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागलेली आहे. त्या वेळीं हा प्रदेश बहुतांशीं शेतीवर जगत होता. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना १९५४ सालीं झाली, आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत येण्यास १९६२ साल उजाडावयाचें होतें. गांवोगांव नवें बियाणें, नवीं खतें, नव्या योजना येत होत्या. त्यांच्याबरोबर शंकाही येत होत्या. त्या शंका सांगाव्या कोणाला?

कॅनडांत १९४१ पासून शेतकऱ्यांचीं श्रोतेमंडळें एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपलीं मतें केंद्राकडे धाडीत. तोच मार्ग भारतांत चोखाळून पाहण्याचें युनेस्को व आकाशवाणी यांनीं ठरविलें. आकाशवाणीचे महासंचालक त्या वेळीं जगदीशचंद्र माथुर होते. ते स्वतः हिंदींतील नाटककार असल्यामुळें संवादाचें मोल त्यांना निराळें सांगावयास नको होतें. प्रयोगासाठीं पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० खेडीं निवडण्यांत आलीं. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या अवधींत, दहा आठवडे, आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक मंडळांत सुमारें वीस सभासद असत. कार्यक्रम संपला कीं चर्चा सुरू होई, आणि मंडळाचा निमंत्रक तिचा गोषवारा व अनुत्तरित राहिलेले प्रश्न लिहून पुण्यास पाठवी. त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांत दिलीं जात.

या साध्या व्यवस्थेनें प्रश्नाचा मालकच बदलला. खतावर भाषण करणारा तज्ज्ञ आपल्या सोयीच्या मुद्द्यापाशीं थांबूं शकतो. पण ज्याला तें खत विकत घ्यावयाचें आहे तो पुढचें विचारतो : पैसा कोठून आणावा, आणि पाऊस न पडल्यास कर्ज कोण फेडील? असा प्रश्न हातीं आल्यावर मुलाखतकारास तज्ज्ञाला गुळगुळीत उत्तरावर सोडतां येत नाहीं. त्याच्यामागें विचारणारा गांव उभा असतो.

प्रयोगाचें मोजमाप मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें केलें. त्याचे सूत्रधार पॉल नॉयराथ हे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ होते. नाझी राजवटींत डाखाऊ व बूखेनवाल्ड येथील छळछावण्या भोगून ते अमेरिकेस गेले होते. मंडळें असलेलीं व नसलेलीं अशीं दोन्हीं प्रकारचीं खेडीं निवडून तेथील लोकांना कार्यक्रमांपूर्वीं व नंतर प्रश्न विचारण्यांत आले. निष्कर्ष स्पष्ट होता. नुसता रेडिओ असलेल्या खेड्यांत ज्ञानाची भर अल्प पडली. मंडळें असलेल्या खेड्यांत ती लक्षणीय होती. शिवाय हीं मंडळें थोड्याच दिवसांत गांवाच्या कामाचा निर्णय घेणाऱ्या सभा बनूं लागलीं. माथुर व नॉयराथ यांचा अहवाल युनेस्कोनें १९५९ सालीं प्रसिद्ध केला.

त्याच वर्षीं ही योजना देशभर लागू झाली. मंडळांची संख्या हजारांवर गेली. पण पुष्कळ ठिकाणीं तीं कागदावरच उरलीं. यंत्र पोंचवितां येतें, वेळापत्रक छापतां येतें. परंतु पाठविलेल्या प्रश्नाला उत्तर येईलच हा विश्वास छापून पोंचवितां येत नाहीं. उत्तर न आलें कीं प्रश्न विचारणारा गप्प बसतो, आणि मुलाखत पुन्हां दोन जाणत्यांच्या आपसांतील गप्पांवर येते.

तो विश्वास लहान क्षेत्रांत अधिक सहज रुजतो. सातारा जिल्ह्यांतील म्हसवड येथें २००८ सालीं सुरू झालेलें माणदेशी तरंग हें सामुदायिक केंद्र परिसरांतील स्त्रियांना व शेतकऱ्यांना त्यांच्याच बोलींत बोलतें करीत आलें आहे. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यांतही विचारणाऱ्यांची वाण नाहीं. जमीन कारखान्यांना गेलेला शेतकरी तेथें आहे, आणि दूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून पोटासाठीं आलेला कामगारही. त्यांच्याविषयीं तज्ज्ञांना विचारणें सोपें आहे. त्यांचा प्रश्न त्यांच्याच तोंडून ऐकून घेऊन, उत्तर देण्यास बांधलेल्या माणसापुढें तो तसाच ठेवणें, हें १९५६ च्या त्या दहा आठवड्यांनीं मुलाखतकारावर सोपविलेलें काम आहे.