गळ्याच्या गाठीपासून प्रथिनापर्यंत

गंगाखेडला माझी उमर लॅबमध्ये गेली. रक्तातल्या सीईए या प्रथिनाचा आकडा वाढलेला कागद हाती पडला की माणूस विचारतो, "भाऊ, कॅन्सर निघाला का वो यात?" त्या कागदाची पूर्वपीठिका माहीत असली, तर हा प्रश्न असा पडणार नाही.

आधी बोटांचं राज्य होतं. पोटातला कॅन्सर पसरला की डाव्या बाजूला, गळ्याखालच्या हाडाच्या वर कडक गाठ येते, हे जर्मनीच्या फिरखोने १८४८मध्ये नोंदवलं. आजही जुना डॉक्टर तिथे बोटं फिरवतोच. १९४१मध्ये परळला टाटा हॉस्पिटल उघडलं आणि डॉ. वसंत खानोलकरांनी तिथली प्रयोगशाळा हाती घेतली, तेव्हाही खरी भिस्त सूक्ष्मदर्शकाखालच्या गाठीच्या तुकड्यावरच. आमचं गंगाखेड त्या वेळी निजामाच्या मुलखात, सरकारदरबार हैदराबादला. परळ फार लांब.

मग आलं १९६५. माँट्रियलच्या गोल्ड आणि फ्रीडमन यांनी आतड्याच्या कॅन्सरमध्ये सीईए हे प्रथिन शोधलं. योगायोग असा, की त्याच वर्षी फिनलंडच्या लॉरेनने पोटाच्या कॅन्सरचे दोन प्रकार वेगळे केले: गाठ धरून वाढणारा, आणि पेशी सुट्या होऊन जठराच्या भिंतीत पसरणारा. दुसऱ्या प्रकाराचं कोडं पुढे जपानच्या ताकेइचींच्या कामामुळे उलगडलं. ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशींना एकमेकींना धरून ठेवतं. ते गेलं की विटांमधला चुना निघाल्यासारखं होतं. १९९८मध्ये न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पोटाच्या कॅन्सरचं मूळ याच प्रथिनाच्या जनुकात सापडलं. माझ्या मते या सगळ्या कथेतला सगळ्यात मोठा शोध हाच.

सीईए मात्र त्या मानाने भोळसट. विडी ओढणाऱ्याचाही तो थोडा वाढतो, आणि पोटाच्या कॅन्सरच्या सुरुवातीला बहुतेकांचा वाढतच नाही. तो कामाचा शस्त्रक्रियेनंतर, आजार परततोय का यावर नजर ठेवायला.

२०१०च्या एका मोठ्या चाचणीनंतर चित्र पालटलं. पसरलेल्या पोटाच्या कॅन्सरमध्ये एचईआर-टू प्रथिन जास्त असेल, तर ट्रास्टुझुमॅब या औषधाने आयुष्य वाढतं, असं दिसलं. पण ते प्रथिन रक्तात नाही, तुकड्यात बघावं लागतं. आणि तुकडा फॉर्मलिनमध्ये ६ ते ७२ तासच ठेवायचा असतो. गंगाखेडहून बरणी पाठवताना मी चिठ्ठीवर वेळ लिहायचो ती म्हणूनच.