पर्यावरणपूरक गृहनूतनीकरण

पर्यावरणपूरक गृहनूतनीकरण म्हणजे जुने घर सरसकट न पाडता, त्यातील उपयुक्त भाग राखून, कमी ऊर्जा, कमी पाणी व कमी नवे साहित्य लागेल अशा रीतीने संपूर्ण घराची दुरुस्ती व सुधारणा करणे होय. एखाद्या खोलीची डागडुजी आणि संपूर्ण घराचे नूतनीकरण यांतील मुख्य फरक नियोजनाचा आहे. घरातील एका कामाचा परिणाम दुसऱ्यावर होत असल्याने कामांचा क्रम आधी ठरवावा लागतो. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या, विशेषतः पारगाव परिसराच्या संदर्भात या विषयाची माहिती दिली आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी

या दोन तालुक्यांत पारगाव नावाची एकाहून अधिक गावे असून जुन्या महसुली विभागणीतील 'तर्फ' या घटकावरून ती ओळखली जातात. पारगाव तर्फे आळे हे जुन्नर तालुक्यात, तर पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक हे आंबेगाव तालुक्यात आहे. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे प्रमाण फार मोठे असते व पूर्वेकडे ते झपाट्याने कमी होते. डोंगराकडील घरांना म्हणूनच तीव्र उताराचे कौलारू छप्पर असते, तर देशावर पूर्वेकडे जावे तसतशी मातीची सपाट छते, म्हणजे माळवदे, आढळतात.

जुन्या घरांचे जोते व भिंती काळ्या दगडाच्या, वरच्या भिंती पुष्कळदा कच्च्या विटांच्या किंवा मातीच्या, आणि छप्पर लाकडी खांब व तुळयांवर पेललेले असते. हे साहित्य बहुधा जवळपासचेच असे. घर मोडल्यावर दगड व लाकूड पुन्हा वापरता येई आणि माती मातीत मिळे.

मूलभूत तत्त्व

सिमेंट, पोलाद, भाजलेल्या विटा इत्यादी साहित्य तयार करताना व वाहून आणताना बरीच ऊर्जा खर्च होते. तिला त्या वस्तूची अंगभूत ऊर्जा म्हणतात. उभ्या भिंतीसाठी ही ऊर्जा पूर्वीच खर्च झालेली असते. भिंत पाडल्यास तिचा राडारोडा होतो आणि नव्या भिंतीसाठी पुन्हा ऊर्जा लागते. त्यामुळे घरात आधीपासून असलेले व सुस्थितीत असलेले साहित्य हेच सामान्यतः सर्वाधिक पर्यावरणपूरक ठरते. केवळ जुन्या घरावर सौर पटले बसवल्याने नूतनीकरण पर्यावरणपूरक होत नाही.

नियोजनाचा क्रम

१. तपासणी : पाया, भिंतींतील तडे, ओल, वाळवी, तुळयांची टोके व छप्पर यांची पाहणी करणे. शक्य असल्यास एक पावसाळा घराचे निरीक्षण करणे उपयुक्त असते, कारण गळती व ओल यांचे मूळ तेव्हाच दिसते.
२. पाणी बाहेर काढणे : जोत्याभोवतीच्या जमिनीला घरापासून दूर उतार देणे, पागोळ्यांचे पाणी पन्हळीने वाहून नेणे. काळी माती ओली झाल्यावर फुगते व सुकल्यावर आकुंचन पावते, त्यामुळे पाया हलून भिंतींना तडे जातात.
३. बांधणी बळकट करणे.
४. छप्पर व भिंतींची दुरुस्ती.
५. नळ, सांडपाणी व वीजजोडणी.
६. गिलावा, फरशी व रंग.

हा क्रम उलटा झाल्यास नवा गिलावा फोडून नळ बसवण्याची किंवा ओल्या भिंतीचा रंग पुन्हा काढण्याची वेळ येते. वाया जाणारे साहित्य हा पर्यावरणाचा व कुटुंबाचा, दोघांचाही तोटा असतो.

सुरक्षितता

जुने ते सर्व टिकाऊ असे मानणे धोक्याचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो लोक मृत्युमुखी पडले. तेथील अनेक घरांच्या जाड भिंती दगडाच्या दोन थरांच्या असून ते थर एकमेकांशी सांधलेले नव्हते. जोडणीत माती होती आणि वर माळवदाचा मोठा भार होता. धक्क्यासरशी दगडी थर सुटे होऊन कोसळले. अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला.

या अनुभवातून भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड किंवा काँक्रीटचे सांधे बसवणे, भिंतींना सलग आडवे पट्टे देऊन कोपरे बांधून घेणे आणि माळवदावरील जादा माती उतरवून भार कमी करणे या उपायांचा प्रसार झाला. या कामी थोडे सिमेंट व पोलाद वापरणे पर्यावरणपूरकतेशी विसंगत नाही. ही कामे स्थापत्य अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावी लागतात.

डोंगरउतारावरील घरांसाठी जागेचाही विचार आवश्यक असतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळून दीडशेहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. अंगण वाढवण्यासाठी उतार कापणे किंवा नैसर्गिक ओघळ बुजवणे अशा प्रदेशात टाळावे लागते.

जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे फोडल्यास वा कापल्यास आरोग्यास घातक तंतू हवेत मिसळतात. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याची शक्यता असल्याने ते कोरडे खरवडणेही टाळतात.

भिंती व छप्पर

मातीच्या भिंतीत ओल शिरते व बाहेरही पडते. तीवर सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. त्यामुळे अशा भिंतींस मातीचा किंवा चुन्याचा गिलावा योग्य असतो. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजतात, तर सिमेंटसाठी सुमारे १४५० अंश तापमान लागते. भाजताना बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग चुना घट्ट होताना हवेतून परत शोषून घेतो.

एकमजली घरात उन्हाळ्यातील उष्णता मुख्यतः छपरातून येते. कौलांखाली फळ्यांचा माळा, पत्र्याखाली उष्णतारोधक थर, सपाट छतावर पांढऱ्या चुन्याचा लेप आणि उष्ण हवा जाण्यासाठी उंचावर झरोके हे कमी खर्चाचे उपाय आहेत. पश्चिमेकडील पडवी भिंतीला सावली देते. ती मोडून खोली वाढवल्यास घर अधिक तापते.

पाणी व सांडपाणी

१०० चौरस मीटर छपरावर वर्षभरात ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के पाणी हाती लागले असे धरल्यास ४८,००० लिटर पाणी मिळते. जलजीवन मिशनच्या माणशी दररोज ५५ लिटर या प्रमाणाने हे पाणी पाच जणांच्या कुटुंबास सुमारे १७४ दिवस पुरेल एवढे होते. एवढी मोठी टाकी परवडत नसल्यास पहिल्या सरीचे पाणी सोडून देऊन उरलेले गाळून विहिरीच्या किंवा विंधनविहिरीच्या पुनर्भरणासाठी वापरतात. मोरी व न्हाणीचे पाणी परसबागेस किंवा शोषखड्ड्यात सोडता येते. शौचालयाचे पाणी मात्र त्यात मिसळत नाहीत.

ऊर्जा

आधी गरज कमी करणे व नंतर निर्मिती करणे हा योग्य क्रम होय. एक किलोवॉट सौर संचास सुमारे १० चौरस मीटर जागा लागते व त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटसाठी ६०,००० रुपये आणि तीन किलोवॉट वा अधिक क्षमतेसाठी ७८,००० रुपये अनुदान ठरवण्यात आले. जुन्या छपरास पटलांचा भार व वाऱ्याचा जोर पेलेल काय, हे आधी तपासावे लागते. गुरे असलेल्या घरी दोन घनमीटरच्या बायोगॅस संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण पुरते.

नियम

केंद्र सरकारची इको-निवास संहिता २०१८ ही प्रामुख्याने मोठ्या नव्या निवासी इमारतींसाठी आहे, तथापि उष्णता व वायुवीजनाविषयीची तिची तत्त्वे लहान घरांनाही उपयोगी पडतात. जुन्नर परिसरात शिवनेरी व लेण्याद्री यांसारखी संरक्षित स्मारके आहेत. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम निषिद्ध असून दुरुस्तीसाठीही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र विनियमित असते.

मर्यादा

माती व चुन्याच्या कामास वेळ अधिक लागतो आणि ते जाणणारे गवंडी व सुतार कमी होत आहेत. कौले चाळणे, भिंती सारवणे ही वार्षिक कामे पूर्वी घरातील माणसे, विशेषतः स्त्रिया, करीत असत. ते श्रम गृहीत धरून आखलेले घर आज टिकत नाही. म्हणून देखभाल कोण करणार, हा प्रश्न नियोजनातच सोडवावा लागतो. भिंती कललेल्या असतील, पाया खचला असेल किंवा मुख्य तुळया पोखरल्या असतील, तर घर उतरवून त्याचे दगड, लाकूड व कौले नव्या बांधकामात वापरणे हाच सुरक्षित पर्याय ठरतो.