डब्यातला शंख

कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, संध्याकाळी बिअरच्या पेल्यासोबत एक तिखट-आंबट पदार्थ हमखास मागवला जातो. त्याचं नाव गोल्बेंगी-मुचिम. गोल्बेंगी म्हणजे समुद्रातले खाण्याजोगे शंख, आणि मुचिम म्हणजे कालवलेलं. उकडलेल्या शंखाच्या मांसाचे काप, उभी चिरलेली कांद्याची पात, मिरचीपूड, लसूण, व्हिनेगर; जोडीला बारीक शेवया. हा प्रकार शेकडो वर्षांचा असावा असं कुणालाही वाटेल. पण तसं नाही.

शंख खाणं मात्र जुनंच. ख्रिस्ती धर्मीयांवरच्या कारवाईत १८०१ साली हद्दपार झालेले विद्वान चोंग याक-जॉन हुकसान बेटावर राहिले. तिथल्या कोळ्यांना विचारून त्यांनी १८१४ साली 'चासान ओबो' हा जलचरांवरचा ग्रंथ पुरा केला. त्यात माशांबरोबर शंख-शिंपल्यांनाही जागा आहे. जेजू बेटावर तर हेन्यो, म्हणजे पाणबुड्या बायका, प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय बुडी मारून शंख काढत आल्या. त्यांच्या परंपरेची युनेस्कोने २०१६ साली नोंद घेतली.

मग हा पदार्थ शहरात कसा आला? डब्यातून! सोलच्या उल्जिरो भागात छापखाने आणि हत्यारांची दुकानं दाटीने होती. १९६०-७०च्या दशकांत काम संपलं की कामगार जवळच्या किराणा दुकानात टेकायचे. दुकानदार शंखाचा डबा फोडून त्यावर पात, लसूण नि मिरचीपूड घालून द्यायचा. त्यातूनच पुढे तिथली 'गोल्बेंगी गल्ली' नावारूपाला आली. मागणी इतकी वाढली की जवळचा समुद्र पुरेना. १९९०च्या दशकापासून ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे शंख कोरियाला जाऊ लागले. तिकडचे कोळी ते धरतात, पण खाणारे इकडे, हजारो मैलांवर!

डब्याने सोय केली, पण एक जाणतेपण मागे पडलं. नेप्च्युनिया गटातल्या शंखांच्या लाळग्रंथींत टेट्रामाइन नावाचं विष असतं. कितीही शिजवलं तरी ते नाहीसं होत नाही. खाणाऱ्याला गरगरतं, डोकं दुखतं, अंधुक दिसू लागतं. म्हणून जाणते लोक मांस उभं चिरतात आणि आतले पिवळसर-पांढरे गोळे काढून टाकतात. बाजारात ताजे शंख घेताना गिऱ्हाइकाने दोन गोष्टी पाहाव्यात. एक, बोट लावताच जीव आत ओढला जातो का. आणि दुसरी, लाळग्रंथी काढायच्या जातीचा शंख आहे का. दुसरी गोष्ट विकणारीलाच विचारावी लागते.

किनाऱ्यावरच्या घरात हे ज्ञान आईकडून मुलीकडे जाई. शहरात ते शिकवणारं कोणी उरलं नाही, म्हणून कोरियाच्या अन्नसुरक्षा खात्याला त्याबद्दल लोकांना सावध करावं लागतं. पदार्थ गावातून शहरात सहज पोचतो. त्याच्यामागचं शहाणपण मात्र मुद्दाम पोचवावं लागतं.